आयेदच्या बापाचं कापड

शूटिंगचा तळ, जॉर्डन
१२ ऑक्टोबर २०२४

काकाजी,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पंकजदादाच्या मोबाइलवर पाठवलेलं तुमच्यापर्यंत येतं ते त्याच्या शब्दांत, अर्धं गाळून. म्हणून हे पत्र. आमच्या मुंबईच्या ऑफिसातून कपड्यांची पार्सलं इथे येत-जात असतात, तुमचं उत्तरही त्यातूनच पाठवा. शेजारी खरी लढाई चालू आहे, मधूनच विमानं बंद पडतात. उशीर झाला तर पोरगी विसरली असं समजू नका.

मी निघताना तुम्ही विचारलं होतं, सिनेमात मी करते तरी काय. सांगते, हसू नका. मी नवे कपडे जुने करते. किसणीवर घासते, चहात उकळते, वाळूत पुरून ठेवते. शिंप्यानं सकाळी दिलेला सदरा संध्याकाळी दहा वर्षं अंगावर घातल्यासारखा दिसला पाहिजे. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी शिकली अन् कपडे फाडून राहिली."

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईतली आहे. बेदूइन म्हणजे उंट-बकऱ्या घेऊन वाळवंटात फिरणारे लोक. त्यांच्यातल्या तेरा वर्षांच्या एका पोराचा बाप मारला जातो, आणि एका जखमी सैनिकाला वाळवंटापलीकडच्या विहिरीपर्यंत पोचवायचं काम त्या पोरावर येतं. वाटेत काय काय होतं आणि पोर मोठं होतं, एवढाच सिनेमा. त्याच्या अंगावर सगळा वेळ बापाचा झगा आहे. सुरुवातीला तो वाळूत फरफटतो, कमरेला दोरी बांधून वर खोचलेला असतो. शेवटच्या प्रसंगात बरोबर बसतो. पोराचं काम करणारा आयेद इथलाच आहे, त्यानं आजवर सिनेमा पाहिलेला नाही.

आता कामाचं. तो एकच झगा आम्हाला चौदा हवेत. एक स्वच्छ, एक मळलेला, एक फाटलेला, एक रक्ताचा, असे. सगळे एकाच ताग्यातले दिसले पाहिजेत. त्यासाठी साठ मीटर कोरं सुती कापड पाहिजे, हातमागाचं. आमच्या कपडेखात्याच्या मुख्य इंग्रिडबाई म्हणतात, जाडंभरडं हवं, धागा कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे हाताचं आहे हे पडद्यावर दिसेल. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझे काका विणतात. हे पसंत पडलं तर पुढे आणखी चाळीस मीटर. तेव्हा काकाजी, माझी लाज तुमच्या हातात आहे.

एक गंमत. इथे विणतात बायका. आयेदची आजी हम्दा जमिनीत खुंट्या ठोकून ताणा लावते आणि पुरुष बाजूला बसून चहा पितात. मी तिला दुभाष्याकरवी सांगितलं की आमच्या घरात मी दहा वर्षं धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या, पण मागावर मला कोणी बसू दिलं नाही. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तुमची,
ऋतुजा


तांडापेठ, नागपूर
६ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजा,

तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं. दोनदा वाचलं. डोळ्यांत पडदा आलाय, अक्षरं धुरकट दिसतात, पण तुझं अक्षर मोठं आहे म्हणून जमलं. डॉक्टरनं डिसेंबरात ऑपरेशनची तारीख दिली आहे. त्याआधी तुझं काम संपवतो.

नवं कापड किसणीवर घासायची नोकरी असते हे मला सत्तरीला कळलं. असो. पगार देतात ना, मग घास.

इथलं सांगतो, कारण तुला ठाऊक असलेलं बरं. पंकजच्या सोनिकानं जरीपटक्याला ब्युटी पार्लरचा कोर्स पुरा केला. तिला जागा पाहिजे आणि घरात रस्त्याकडची खोली एकच आहे, मागाची. खुर्चीसुद्धा येऊन पडली आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ती बिचारी तोंडानं काही बोलत नाही. पंकजच म्हणाला, "बाबा, सिनेमावाल्याईचं पुढचं काम आलं तं माग राहू द्या. नाही तं संक्रांत झाली का मागाचा खड्डा बुजवून टाइल लावू." त्याचंही खोटं नाही. दोन वर्षांत मी या मागावर पंचे सोडून दुसरं काही विणलेलं नाही. तेव्हा तुझी लाज माझ्या हातात असेल तर माझा माग तुझ्या हातात आहे, हे लक्षात ठेव.

सूत आणलं. ताणा लावला. काल बसलो.

मागाचं तू जे लिहिलंस ते वाचलं. आमच्यात ती रीत नव्हती. बायकांनी सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, पुरुषांनी विणायचं. माझ्या आईनंही तेच केलं, तुझ्या आईनंही. मी काही एकट्या तुला अडवलं नाही.

एक विचारायचं राहिलं. त्या पोराचा बाप सिनेमात दिसतो का, की आधीच गेलेला असतो? आणि झगा त्याच्या अंगावर कोण घालतं? सवडीनं कळव.

तुझा,
बाबनकाका


शूटिंगचा तळ
२१ डिसेंबर २०२४

काकाजी,

पार्सल आठ दिवसांपूर्वी मिळालं. आठ दिवस मी हे पत्र लिहायचं टाळलं.

सगळ्यांसमोर गाठोडं उघडलं. मला एवढी हौस होती की इंग्रिडबाईंना तंबूतून बोलावून आणलं. त्यांनी कापड उजेडात धरलं, हात फिरवला आणि विचारलं, "हे नक्की हाताचं आहे?" मी हो म्हणणार होते. मग मीही नीट बघितलं. साठ मीटरमध्ये एक धागा जाड नाही, एक बारीक नाही. वीण आखल्यासारखी सरळ. मागावर कापड ताणून धरायची टोकदार पट्टी असते, तिची बारीक भोकं हातमागाच्या काठाला पडतात, एवढं तरी मला कळतं. एकाही काठाला एक भोक नाही.

काकाजी, सोनिकावहिनीनं मला दिवाळीतच कळवलं होतं की तुमच्या हातातून चहा सांडतो, बशीला कप लागून वाजत राहतो. असा हात पाच आठवड्यांत साठ मीटर, आणि तेही असं विणेल हे मी कसं मानू? नाही जमत असं एका ओळीनं कळवलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. तुम्ही बाजारातून यंत्रमागाचा तागा घेऊन पाठवला. तोही माझ्या नावावर.

त्यात तुम्ही मला विचारता, बापाला सिनेमात दाखवतात का, झगा कोण घालतं. मी ते वाचून रडले होते. मला वाटलं, काकाजी मनापासून विणताहेत.

मी इंग्रिडबाईंना स्वतःच सांगून टाकलं की हे हाताचं नाही, माझ्या घरून फसवणूक झाली. दुसऱ्या कोणी शोधून काढण्यापेक्षा ते बरं. त्यांनी नोकरीवरून काढलं नाही, पण त्या दिवसापासून मी आणलेली सुईसुद्धा त्या दोनदा बघतात. झग्यांसाठी कापड दुसऱ्या देशातून मागवलं. पुढचे चाळीस मीटर रद्द झाले. तुमच्या कापडाचं काय झालं तेही सांगते. शत्रूचे सैनिक टोळीचे तंबू जाळतात असा प्रसंग आहे. तंबूंच्या दोऱ्यांवर ते सगळं वाळत घातलं आणि पेटवलं. मी उभी राहून बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मागाचं तुम्ही आणि पंकजदादा बघून घ्या.

बापाला दाखवत नाहीत. झगा पोर स्वतःच उचलतं.

ऋतुजा


शूटिंगचा तळ
२७ जानेवारी २०२५

काकाजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही असं मला वाटतच होतं, पण त्याचं कारण मी चुकीचं धरून बसले होते.

जळलेल्या कापडाचा एक तुकडा वाचला होता, हातभर. हम्दानं तो उचलून नेला होता, बकरीच्या पिल्लाच्या पायाला बांधायला. परवा मी तिच्याकडे चहाला गेले तेव्हा तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, हे कोणी विणलं? मी म्हटलं, कोणी नाही, यंत्रानं. मग तिनं माझं बोट धरून एका धाग्यावर फिरवलं. तिथे धागा तुटला होता आणि जोडला होता. गाठ नव्हती. दोन टोकं एकमेकांत पिळून एक केली होती. हातभर तुकड्यात तिनं अशा तीन जागा दाखवल्या. मग आपल्या तंबूच्या पट्टीवरची तशीच जागा दाखवली. दुभाष्या म्हणाला, ती म्हणते, हे विणणारा म्हातारा आहे, पण याची बोटं अजून घाई करत नाहीत.

काकाजी, हे मला दुसऱ्या मुलखातल्या बाईनं दाखवावं लागलं. तुम्ही चिमूटभर राख बोटांना लावून धागा पिळायचात, मी दहा वर्षं समोर बसून बघितलंय. कांडी भरायची थांबवून मी बघायचे. आणि तुमचं कापड हातात आलं तेव्हा मी काठाची भोकं मोजत बसले.

मी चुकले. त्याहून मोठा शब्द मला येत नाही. तुम्हाला खोटारडं म्हटलं, तुमची मेहनत जळताना बघितली, आणि वर बरं वाटलं असं लिहूनही पाठवलं. ते पत्र परत घेता आलं असतं तर मी इथून चालत आले असते.

पण एक मनात आहे तेही लिहिते, नाही तर ही माफीसुद्धा अर्धीच. मला एकदा, फक्त एकदा मागावर बसू दिलं असतं, पायाखालची पट्टी दाबून धोटा फेकू दिला असता, तर तुमचा हात मी डोळे मिटून ओळखला असता. मी आईकडे हट्ट केला, तुमच्याकडे केला. तुम्ही म्हणालात, "तू कांड्या भर वं, तुले काय करायचं हाये." मी कांड्या भरल्या. मला कांड्याच कळतात.

आता ऐका. मी इंग्रिडबाईंना तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. शेवटचा प्रसंग अजून व्हायचा आहे, झगा पोराला बरोबर बसतो तो. त्यासाठी त्या तुमच्याकडून पंधरा मीटर मागताहेत. बाकीच्या झग्यांशी जुळावं म्हणून त्यांना अजूनही जरा जाडंभरडंच हवंय, पण मी सांगितलंय की काकांना योग्य वाटेल तसं येईल. हे काम झालं की मी महिनाभर नागपूरला येते. मला शिकवा. संक्रांत होऊन गेली हे मला माहीत आहे, पण पंकजदादा थोडा तरी थांबला असेल. त्याला हे पत्र दाखवा.

तुमची,
ऋतुजा


तांडापेठ, नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा,

पत्र मिळालं. डोळा आता चांगला दिसतो, हे मी स्वतः वाचलं.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. वाचायची मनाई होती. पंकजनं मोठ्यानं वाचलं, कारण मला कमी ऐकू येतं. खोलीत सोनिका होती, आणि रुपराव तब्येत बघायला आला होता. तुला आठवत असेल, पलीकडच्या गल्लीतला, चाळीस वर्षं त्याचा आणि माझा माग एकाच वेळी वाजायचा. पंकजला पुढचं काय आहे ते कळलं तसा तो कागद मिटायला लागला. मी म्हटलं, वाच, थांबू नको. जाळल्याचं वाचून झालं तेव्हा रुपराव म्हणाला, "लिव ना गा तिले, खरं काय ते. आमी सारे साक्षीले हावो." मी त्याला म्हटलं, "काय लिवू? मी विणलं, असं लिवू? हे काय लिवून सांगायची गोष्ट हाये?"

तू विचारत नाहीस, पण सांगतो. तू लिहिल्याप्रमाणे पहिले चार हात मी जाडंभरडं विणलं. मुद्दाम बिघडवून. मग माझा हात चालेना. मला दिसायला लागलं की एक माणूस मेलाय, त्याच्या पोराजवळ त्याचं एवढं एकच कापड आहे आणि ते मी वाईट विणतोय. तुझा बाप गेला तेव्हा त्याच्या मागावर अर्धं कापड होतं. ते मी पुरं केलं. त्याचा हात कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, हे बाजारात कोणाला ओळखू आलं नाही. त्यातलाच तुला फ्रॉक शिवला होता, तू अकरा वर्षांची होतीस. तेच सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. मी ते चार हात कापून काढले आणि पहिल्यापासून बसलो. काठ पडद्यावर दिसेल म्हणून टोकांची पट्टी लावली नाही, दोऱ्या आणि चिमट्यांनी ताणून धरलं, त्यानं काम दुप्पट झालं. सोनिका खोटं बोलली नाही. चहाचा कप माझ्या हातात थरथरतो. धोटा थरथरत नाही. का, ते मला माहीत नाही. दिवस उजाडला की बसायचो ते जेवायलाच उठायचो.

हाताचं म्हणजे वेडंवाकडं, हे तुला कोणी शिकवलं? इंग्रिडबाईला माफ आहे, ती परकी आहे. आपल्या घरात जाडबारीक धागा आला की मार बसायचा. माझ्या सबंध आयुष्यात मी तेवढं सरळ कापड दुसरं विणलं नाही. आणि सरळ आहे म्हणून ते माझं नाही, असं तू लिहिलंस.

पंकजला दोष देऊ नकोस. तो त्याच दिवशी म्हणाला, "बाबा, मी तिले फोन करतो, मी पाह्यलं तुमाले विणताना. खड्डा राहू द्या सध्या." मीच नको म्हटलं. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी माग मी स्वतः सोडवला. संक्रांतीची वाटही पाहिली नाही. तुझ्यावर रागावून नाही. मागावर जाऊन बसलो, पाय खाली सोडले, आणि मला कळेना की मी विणलं तर ते कोणासाठी. बाहेरच्यांना कधीच कळत नव्हतं. घरच्यांना कळतं असं मी धरून चाललो होतो.

खड्ड्यात दोन ट्रॅक्टर मुरूम गेला. आता वर पांढऱ्या टाइल आहेत आणि समोर मोठा आरसा. सोनिकाचं बरं चाललंय. लग्नसराई आहे.

तुला शिकवलं नाही, हे मात्र खरं. मी रीत म्हणत होतो. ती रीत बरी होती की वाईट, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोग नाही. तू ये, घर तुझं आहे, राहा. शिकवायला माझ्याजवळ काही उरलं नाही.

तुझ्या बाईंना पंधरा मीटर पाहिजे, ते सोबत पाठवत आहे. पंकजला घेऊन मी स्वतः जरीपटक्याच्या बाजारात गेलो. यंत्रमागाचं आहे, लपवत नाही. आता यंत्रावरही मुद्दाम गुठळ्या सोडून धागा जाडबारीक करतात. दुकानदारानं तागा उलगडला आणि मला म्हणाला, "काकाजी, हा घेऊन जा, बिलकुल हातमागासारखा दिसते." पंकज म्हणाला, बाबा, निदान दुसरा बघू. मी म्हटलं, "बांध गा. तिले हेच पसंत पडन."

बाबनकाका


शूटिंगचा तळ
९ मार्च २०२५

काकाजी,

कापड पोचलं.

इंग्रिडबाईंनी उजेडात धरलं, गुठळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून मी हेच मागत होते." सगळ्यांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

शिंप्यानं एकसारखे दोन झगे दोन दिवसांत शिवले. या पाच महिन्यांत आयेद चार बोटं उंच झालाय. काल शेवटचा प्रसंग झाला. तो वाळूच्या टेकडीवरून एकटा खाली येतो, झगा खांद्यावर बरोबर बसलेला, घोट्यापर्यंत बरोबर आलेला. पडद्यावर फार सुंदर दिसतंय. कोणाला काही कळणार नाही.

शूटिंग बघायला हम्दा आली होती. तिनं विचारलं, तुझ्या काकाचं दुसरं कापड आलं का? मी म्हटलं, आलं. दाखव म्हणाली. उरलेले चार मीटर माझ्या पायाशी पेटीत होते. मी पेटीवर बसले आणि सांगितलं, सगळं संपलं.

ऋतुजा